आमच्या शटरचं तेलपाणी

२०२१ ते २०२३ या काळात जामनेरला आमच्या गल्लीत कोणाच्याही घरी गजर लावत नसत. जरूरच नव्हती. पहाटे सहाला पाच मिनिटं कमी असताना मी रिमोटचं बटण दाबत असे आणि आमच्या गॅरेजचं विजेवर चालणारं शटर वर जाऊ लागे. ‘वर जाऊ लागे’ हे मी सभ्य भाषेत लिहितो आहे. प्रत्यक्षात दहावीस रिकामे डबे एकमेकांना बांधून जिन्यावरून सोडून द्यावेत आणि त्यांच्या मागून एक मांजर सोडावं, म्हणजे जो परिणाम साधेल तो आमचं शटर एकट्याने साधत असे. आधी चार फूट नुसता खडखडाट, मग एक लांबलचक किंकाळी, आणि अगदी वर पोचल्यावर ‘धाड्’. त्या ‘धाड्’वर समोरच्या घरात चहाचं आधण चढे, कोपऱ्यावरचा कुत्रा उठून अंग झाडी आणि शेजारचे नाना मोठ्याने खाकरत.

एवढ्या पहाटे कुठे जात होता, असं कोणी विचारील. डॉक्टरांनी मला रोज सकाळी चालायला सांगितलं आहे. तिथे मी गाडीने जात असे.

मी बँकेत कारकून आहे. मार्च २०२४ च्या वेतन करारानंतर आम्हांला ‘कस्टमर सर्व्हिस असोसिएट’ म्हणतात. नाव लांब झालं. खिडकीसमोरची रांग पूर्वीपासूनच लांब होती. शिक्षण बी.कॉम. म्हणजे यंत्राशी माझा संबंध घसाऱ्यापुरता. यंत्र दरवर्षी किती टक्क्यांनी कमी किमतीचं होतं ते मी झोपेत सांगेन. ते का वाजतं हे मला कोणी शिकवलं नाही. म्हणजे शिकवलं होतं एकाने, पण ते पुढे येईल.

शटर मुळात आप्पांचं. आप्पांचं, म्हणजे वडिलांचं, घराच्या पुढच्या गाळ्यात सायकलचं दुकान होतं. दुरुस्ती, पंक्चर आणि तासावर भाड्याच्या सायकली. १९८४ साली त्यांनी लाकडी फळ्या काढून लोखंडी शटर बसवलं, तेव्हा गल्लीतली माणसं बघायला आली होती म्हणे. ते हाताचं शटर. वरच्या नळीच्या पोटात स्प्रिंगा असतात, त्या पत्र्याचं वजन तोलून धरतात, म्हणून आप्पांसारखा चाळीस किलोंच्या आतबाहेरचा माणूसही एका हाताने ते ‘सर्र्’ करून वर ढकलीत असे. दर दसऱ्याला दुकानातले पाने, पक्कड, पंप ओळीने मांडून पूजा होई, झेंडूचं फूल शटरलाही मिळे, आणि फुलाच्या आधी तेल मिळे. पुढे गावात सायकली कमी झाल्या, मोटारसायकली वाढल्या. २०१६ साली आप्पा गेले. गाळ्यात मी एक जुनी मोटार आणून उभी केली, आणि गाळ्याचं गॅरेज झालं.

हाताचं शटर विजेवर न्यायची कल्पना पुण्याच्या मेहुण्याची. पुण्याच्या मेहुण्यांना कल्पना सुचतात आणि खर्च जामनेरला होतो, हा आमच्या घरचा जुना नियम आहे. “दाजी, पावसात उतरून शटर उघडता? अहो, बटण दाबायचं!” तो म्हणाला. सौ.ने लगेच मान हलवली. माहेरच्या माणसाच्या प्रत्येक वाक्याला ती मान हलवते. मान हलवण्याचं यंत्र तिला तेलपाण्यावाचून मिळालेलं आहे.

मोटार बसवणारा मिस्त्री तालुक्यातलाच. त्याने स्प्रिंगांची नळी काढून नवा दांडा टाकला, डाव्या कोपऱ्यात वर, अकरा फुटांवर, मोटार अडकवली. मोटारीच्या दातेरी चाकापासून दांड्याच्या चाकापर्यंत एक साखळी, हुबेहूब सायकलच्या चेनसारखी, फक्त जाड. आणि मोटारीवरून दुसरीच एक सैल साखळी खालपर्यंत लोंबत सोडली, विहिरीच्या रहाटासारखी.

“ही काय?”

“लाइट गेली तं ही ओढजा साहेब. शटर वर जाईन. बाकी याले काही पाहा लागत नाही.”

‘बाकी याले काही पाहा लागत नाही’ हे वाक्य मी नंतर फार आठवलं. आमच्याकडे कर्ज घेणारेही असंच बोलतात.

पहिल्या दिवशी सगळी गल्ली, दोन मावश्या आणि सौ.ची भिशी शटर पाहायला आली. मी रिमोट हातात घेऊन दाराशी उभा. वर. टाळ्या. खाली. टाळ्या. “आम्ही मगाशी नव्हतो, परत करा ना.” वर. खाली. दहाव्या-बाराव्या खेपेला शटर निम्म्यावर थांबलं आणि काही केल्या हलेना. भिशी वाकून बाहेर पडली. मिस्त्रीला फोन केला तर तो म्हणाला की मोटार तापली, थंड होऊ द्या. मला नंतर कळलं की असल्या मोटारी सलग चालायला केलेल्याच नसतात. थोडी मिनिटं चालावं, मग विसावा घ्यावा, अशीच त्यांची घडण असते, आणि फार तापल्या तर आतला एक बारीकसा खटका आपोआप वीज तोडतो. हे वाचून मला त्या मोटारीबद्दल सहकाऱ्यासारखी आपुलकी वाटू लागली.

रिमोट दोन मिळाले. बँकेतल्या तिजोरीला दोन किल्ल्या असतात, दोन वेगळ्या माणसांकडे, आणि एकट्याला तिजोरी उघडता येत नाही. ती पद्धत मी घरी आणली. एक रिमोट माझ्याकडे, एक सौ.कडे. फरक एवढाच झाला की इथे प्रत्येकाला एकट्याने उघडता येत होतं, आणि बंद केलं कोणी नाही यावर संयुक्त जबाबदारी होती.

सहाएक महिन्यांत आवाज सुरू झाला. आधी कुरकुर, मग खडखड, मग ती किंकाळी. आवाज येतो म्हणजे तेल कमी पडलं, एवढं ज्ञान जन्मजातच असतं. प्रश्न फक्त ‘कुठलं तेल’ एवढाच उरतो, आणि त्यावर आमच्या शाखेत जेवणाच्या सुट्टीत चर्चासत्र भरलं.

रोखपाल म्हणाले, खोबरेल. त्यांच्या सासऱ्यांच्या कपाटाची कडी खोबरेलाने सुधारली होती. मी अर्धी बाटली दोन्ही बाजूंच्या खाचांत सोडली. आठवडाभर गॅरेजला न्हाणीघरासारखा वास येत होता आणि मुंग्यांची वारी लागली होती. पुढे थंडी पडली. खोबरेल तेल चोवीस-पंचवीस अंशांच्या खाली गोठतं हे आपल्याला बाथरूममध्ये माहीत असतं, गॅरेजमध्ये आठवत नाही. डिसेंबरातल्या एका पहाटे शटर जागचं हलेना, आणि मी हातात पेटती उदबत्ती घेऊन खाचेतलं तेल वितळवत बसलो होतो. समोरच्या काकू लांबून हात जोडून गेल्या. त्यांना वाटलं, पूजा चालली आहे.

शिपाईमामा म्हणाले, जळकं ऑइल. गाडीचं इंजिन ऑइल बदलतात तेव्हा काळं निघतं ते. फुकट मिळतं, हा त्याचा मोठा गुण. ते मी सढळ हाताने वरच्या गुंडाळीवर ओतलं. त्या दिवसांत सौ.ने गॅरेजमध्ये खाटेवर जुनेर पसरून बिबडे वाळत घातले होते. उन्हाची तिरीप आणि सावली दोन्ही मिळते म्हणून. मी बटण दाबलं. पुढचं वर्णन करण्यात अर्थ नाही. ज्यांच्या घरी बिबडे होतात त्यांना कळेल, आणि होत नाहीत त्यांना ज्वारी भिजवण्यापासून सांगावं लागेल.

मग बाजारात मिळणारा लांब नळीचा निळा-पिवळा फवारा आणला, डब्ल्यूडी-४०. याचा इतिहास मी वाचून काढला, कारण बँकेतल्या माणसाला वस्तू वापरण्याआधी तिची कागदपत्रं लागतात. १९५३ साली अमेरिकेत क्षेपणास्त्रांच्या पत्र्याला गंज चढू नये म्हणून पाणी हटवणारं एक रसायन शोधत होते. चाळिसाव्या प्रयत्नाला जमलं, म्हणून नावात चाळीस. एकोणचाळीस व्हाउचर चुकूनही त्या माणसांना कोणी मेमो दिला नाही, याचा मला हेवा वाटला. फवारा गंज सोडवायला, अडकलेला नट हलवायला उत्तमच. पण मी तो मोटारीच्या साखळीवर मनसोक्त मारला, आणि तिथे मिस्त्रीने लावलेलं जे काही ग्रीस होतं ते धुऊन काढलं. यात फवाऱ्याचा दोष नाही. तो त्याचं काम करत होता. माझंच काम मला ठाऊक नव्हतं.

शेवटी खुद्द ग्रीस. डबाभर आणून दोन्ही खाचा लिंपल्या, देवळातल्या शेंदरासारख्या. दोन दिवस काय शांतता! तिसऱ्या दिवशी वारा सुटला. आमच्याकडचा उन्हाळी वारा काय चीज आहे ते खानदेशाबाहेर सांगून पटत नाही. काळ्या मातीची पिठासारखी धूळ, वर कापसाचे तंतू. ग्रीस ते सगळं प्रेमाने जवळ घेतं. आठवड्यात खाचेत जे तयार झालं त्याने भांडी घासता आली असती. शटर आता किंचाळतही होतं आणि दळतही होतं.

मिस्त्रीला परत बोलावलं. त्याने खालूनच वर बघून निदान केलं : “उन्हानं फुगलं साहेब.” माझा भाचा इंजिनिअरिंगला आहे. त्याने तिथल्या तिथे हिशेब केला की दहा फुटी पोलादी पट्टी चाळीस अंशांनी तापली तरी लांबते जेमतेम दीड मिलिमीटर, आणि खाचेत त्याहून पुष्कळ जागा आहे. मिस्त्री म्हणाला, “मंग दीड मिलिमीटर काय कमी झालं का?” आणि तो बिदागी घेऊन गेला.

आता नानांकडे यायला हवं. नाना एस.टी.चे निवृत्त ड्रायव्हर. चौतीस वर्षं नोकरी, त्यातली बरीच जामनेर डेपोत. त्यांची झोपायची खोली आणि आमचं गॅरेज यांत एकच भिंत. वर्षभर ते फक्त खाकरले. २०२२ च्या दिवाळीनंतर एका सकाळी मात्र ते फाटकाशी उभे राहिले.

“साहेब, पी.जे. बंद पडली म्हणते ना सरकार? तुमच्या घरून तं रोज टायमावर सुटून राहिली!”

पी.जे. म्हणजे आमची पाचोरा-जामनेर छोटी गाडी. अडीच फुटी रूळ, छप्पन्न किलोमीटरची वाट. मार्च २०२० मध्ये टाळेबंदीत थांबली ती त्या रुळांवर पुन्हा धावली नाही. जामनेरच्या माणसाला त्या गाडीवरून चिडवणं म्हणजे तशी मायेचीच थट्टा. पण माझी आदली रात्र खाच खरवडण्यात गेली होती. मी म्हणालो, “नाना, चौतीस वर्षं एस.टी.च्या खिडक्यांच्या खडखडाटात तुम्हांला झोप लागत होती, आणि एका शटरने मोडते?”

मला म्हणायचं होतं ते वेगळं. नानांनी ऐकलं ते वेगळं. त्यांचा चेहरा एकदम उतरला.

“मी? ष्टेरिंगवर झोपलो?” एवढंच बोलून ते आत गेले.

चौतीस वर्षांत एकदाही अपघात न केलेल्या माणसाला मी काय बोललो, हे मला अंघोळ करताना कळलं. पण चूक कळणं आणि फाटक ओलांडणं यांत फार अंतर असतं. बोलणं बंद झालं. आणि त्याबरोबर आमची शिडीही बंद झाली. दिवाळीच्या रंगासाठी नानांनी नेलेली आमची बारा फुटी शिडी त्यांच्या ओसरीत आडवी पडून राहिली. ती परत आणून द्यायची तर त्यांना आमच्याकडे यावं लागलं असतं. मागायची तर मला जावं लागलं असतं. गॅरेजमधला दिवा गेला, बदलला नाही. कोळ्याने मोटारीवर जाळं विणलं, काढलं नाही. “अहो, शिडी मागा ना,” सौ. म्हणे. “त्यांनी आणून द्यावी,” मी म्हणे. बुडीत कर्जाची फाइल अशीच दोन टेबलांच्या मध्ये पडून राहते.

एक गोष्ट सांगायची राहिली. शिडी जाण्याच्या आधी मी शांततेसाठी आणखी एक उपाय केला होता. ती लोंबती साखळी शटरबरोबर हलून भिंतीवर ‘टण् टण्’ वाजे. निदान तेवढा तरी आवाज कमी करावा म्हणून मी शिडीवर चढलो, साखळी वर ओढून तिची मोळी केली आणि मोटारीशेजारी बारीक तारेने पक्की बांधून टाकली. पक्कडीने पीळ देऊन. मला वाटतं, दोन वर्षांत शटरवर मी केलेलं नीटनेटकं काम हे एकच.

२०२३ चा जून. दिवसभर अंग भाजत होतं, रात्री वादळ आलं. पत्रे उडाले, केळीच्या बागा आडव्या झाल्या, गावभर वीज गेली, मोबाईलची रेंज गेली. अडीचच्या सुमाराला सौ.ने मला हलवलं. “आई काहीतरी बडबडतायत.”

आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची. तिला साखरेचा आजार, रोजची गोळी. घामाने लुगडं भिजलं होतं, हात थरथरत होते, आणि मला ती आप्पांच्या नावाने हाक मारत होती. सौ.ने साखरेचं पाणी करून घोट घोट पाजायला घेतलं. अर्ध पोटात गेलं, अर्ध उशीवर. मी गाडीची किल्ली घेऊन गॅरेजमध्ये धावलो आणि रिमोट दाबला.

वीज नसताना रिमोट दाबणं ही किती साधी चूक आहे, पण मी ती सहासात वेळा केली. मग शटरला हात घालून उचलायला गेलो. हाताने शटर उचलायचे दिवस मोटार बसते त्या दिवशीच संपलेले असतात. आतले गिअर दांडा धरून ठेवतात, माणसाने कितीही जोर लावला तरी. आप्पांचं शटर असतं तर एका हाताने ‘सर्र्’. तेव्हा आठवली ती साखळी. मोबाईलच्या उजेडात वर पाहिलं. अकरा फुटांवर, कोळ्याच्या जाळ्यात, माझ्या हातची सुबक मोळी. स्टुलावर चढलो. हात अडीच फूट कमी पडला. गाडी आत, मोटारसायकल आत, साखळी वर, आणि शिडी नानांकडे.

मी आतल्या दाराने बाहेर पडलो, चिखलातून नानांचं दार वाजवलं. सात महिन्यांनी त्यांच्याशी बोललेलं माझं पहिलं वाक्य होतं, “नाना, शिडी द्या.”

नानांनी कंदील वर करून माझ्याकडे पाहिलं. “रात्रीचे अडीच वाजले. शिडी कायले?”

“आईला बरं नाही. शटर उघडत नाही.”

“मंग शिडीवर कुठं नेतो तिले?” म्हणाले, आणि खुंटीवरची किल्ली काढली.

नानांची जुनी ओम्नी अंगणातच उभी असते. तिला गॅरेज नाही, त्यामुळे ती कुठेही अडकत नाही. रस्त्यावर फांद्या पडलेल्या, विजेची एक तार लोंबत होती. नाना एका हाताने चष्म्यावरचं पाणी पुसत, दुसऱ्या हाताने गाडी अशी काढत होते की मागच्या सीटवर आईच्या डोक्याखालची उशी हलली नाही. दवाखान्यात तपासलं तर साखर ४६. डॉक्टरांनी शिरेतून ग्लुकोज सोडलं. पंधरावीस मिनिटांत आईने डोळे नीट उघडले आणि पहिला प्रश्न केला, “शटर लावलं का?” गोळीचा परिणाम बराच वेळ राहतो, पुन्हा साखर उतरू शकते, म्हणून तिला दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवून घेतलं.

एकादशी होती. आईने गोळी घेतली होती आणि उपास केला होता. संध्याकाळपासून तिला गरगरत होतं. “मग बोलली का नाहीस?” मी विचारलं. “वादळाचं तुम्ही दोघं दारं-खिडक्या लावत होता. म्हटलं, कशाला उगाच,” ती म्हणाली.

आई घरी आल्यावर पुढच्या रविवारी सकाळी नाना स्वतः शिडी खांद्यावर घेऊन आले. बरोबर एक स्क्रू ड्रायव्हर, पान्यांची पिशवी, दाढीचा जुना ब्रश आणि कोणा ट्रॅक्टरवाल्याकडून आणलेलं वाटीभर डिझेल. रॉकेल हवं होतं, ते आता मिळतं कुठे. त्या नोव्हेंबरच्या वाक्याबद्दल मी तोंड उघडलं तर म्हणाले, “आधी बटण दाब.”

नाना स्टुलावर डोळे मिटून बसले आणि मला शटर तीनदा वरखाली करायला लावलं. मग शिडीवर चढले, स्क्रू ड्रायव्हरचं टोक लोखंडाला टेकवून मूठ कानाला लावली, डॉक्टर नळी लावतात तशी. एस.टी.त इंजिनाचा कुठला भाग बोलतो ते असंच ऐकतात म्हणे. एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे, एकदा मधे. खाली उतरून त्यांनी निकाल दिला.

खडखड होती ती दांडा ज्या ब्रॅकेटांवर बसतो त्यांच्या बोल्टांची. मोटारीच्या हादऱ्यांनी ते सैल झाले होते, उजवीकडचा तर बोटाने फिरत होता. किंकाळी होती ती डाव्या खाचेत. पट्ट्यांच्या टोकांना पकडी असतात, पट्ट्या आडव्या सरकू नयेत म्हणून. त्यातल्या चार तुटल्या होत्या, आणि तेवढ्या पट्ट्या दर खेपेला डावीकडे सरकून लोखंडाला लोखंड घासत होत्या. आणि शेवटचं ‘धाड्’? शटरने वर कुठे थांबायचं हे मोटारीतला एक खटका ठरवतो. तो बोटभर जास्त वर लावलेला होता, त्यामुळे शटर रोज पहाटे वरच्या पत्र्याला धडक देत होतं.

“म्हंजे,” नाना म्हणाले, “तीन आवाज. एकालेही तेल नको होतं.”

मी खोबरेल, जळकं ऑइल, फवारा आणि ग्रीस यांचा एकूण खर्च मनातल्या मनात मांडला आणि खाते बंद केलं.

“आणि हे पाय.” त्यांनी मोटारीपासून दांड्यापर्यंतच्या साखळीवर बोट फिरवून मला दाखवलं. बोटावर तांबूस भुकटी. “ही बिचारी एक शब्द बोलली नाही. कोरडी पडली पार. आणखी एक उन्हाळा, अन् तुटली असती. खाली कोणी उभं असतं तं?”

मोटारीची मुख्य वीज बंद करून आम्ही कामाला लागलो. अर्धा दिवस तर नुसतं काढण्यातच गेला. खाचांमधलं ते काळं पीठ ब्रशने आणि डिझेलच्या फडक्याने खरवडून काढायचं, मग कोरडं पुसायचं. खाचेत तेल-ग्रीस काहीच घालायचं नाही, असा नानांचा हुकूम. धुळीच्या मुलखात ओली खाच म्हणजे जातं. हवं तर सिलिकॉनचा वाळणारा फवारा, नाहीतर मेण. सौ. आतून मेणबत्ती घेऊन आली. तिने हे पहिल्या आठवड्यातच सुचवलं होतं, असं ती म्हणाली. मला आठवत नाही. नानांनी मात्र तिच्याकडे आदराने पाहिलं. बोल्ट आवळले, पकडी नव्या घातल्या, खटका बोटभर खाली घेतला. दांड्याच्या बेअरिंगांना थोडं ग्रीस, आणि मोटारीच्या ब्रेकच्या बाजूला तेलाचा हातही न्यायचा नाही; ब्रेक तेलकट झाला तर शटर धरणार कोण?

साखळीची पाळी आली तेव्हा मी आतून आप्पांची कुप्पी आणली. लांब चोचीची, बुडाला अंगठ्याने दाबायची. साखळी डिझेलने धुऊन, पुसून, मी शिडीवर उभा राहून एकेका कडीच्या पोटात एकेक थेंब सोडायला लागलो. वरून नाही, आतल्या बाजूने. मग साखळी दोन फेरे फिरवून बाहेरचं सगळं तेल कोरड्या फडक्याने पुसून काढलं. खालून नाना बघत होते.

“हे कोणी शिकवलं?”

मी आठ-नऊ वर्षांचा असेन. भाड्याच्या सायकलीच्या चेनवर मी धो धो तेल ओततो आहे आणि आप्पा माझा हात धरून सांगतायत : आत राहील ते चेनचं, बाहेर राहील ते धुळीचं. पुसून काढ. शिकवणारा एक जण होता म्हणालो, तो हा. पुढे मी बी.कॉम. झालो.

शेवटी मी तारेचा पीळ उलगडून ती मोळी सोडली. साखळी खळ्ळकन खाली आली. नानांनी मला, सौ.ला आणि चिरंजीवांना, तिघांना एकेकदा वीज बंद ठेवून साखळीने शटर पुरतं वर न्यायला लावलं. वेळ लागतो, हात भरून येतात, पण जातं. आई खुर्ची टाकून बघत होती. तिलाही ओढायची होती. तिने दोन हात ओढली आणि शटर बोटभर वर गेल्यावर समाधानाने सोडली.

तेव्हापासून वर्षातून दोनदा, पाडव्याला आणि दसऱ्याला, शटरचं तेलपाणी होतं. एरवी महिन्यातून एकदा खाचा कोरड्या ब्रशने झाडायच्या, बोल्ट हाताने चाचपायचे. शिडी आता दोन घरांच्या मधल्या बोळात उभी असते, कोणाच्याही ओसरीत नाही. आईच्या उपासाचं खातं सौ. सांभाळते, एकादशीच्या दिवशी गोळीचं काय करायचं ते डॉक्टरांकडून कागदावर लिहून घेतलं आहे. आणि मी पहाटे चालायला चालत जातो, निदान आठवड्यातून चार दिवस. उरलेल्या तीन दिवशी शटर वर जातं तेव्हा मोटारीची बारीकशी घूं घूं आणि त्या लोंबत्या साखळीची भिंतीवर ‘टण् टण्’, एवढंच ऐकू येतं. सौ.ला ते ‘टण् टण्’ खटकतं. तिने भिंतीला एक हुक मारून साखळी त्यात अडकवली.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी बटण दाबलं. शटर बिनबोभाट वर गेलं. गल्लीत चिटपाखरू हललं नाही. मी गाडी बाहेर काढतो आहे तोच भिंतीपलीकडून खाकरण्याचा आवाज आला.

“काय भो! आज साखळी वाजली नाही. आहे ना जागेवर?”